म्हाताऱ्या माणसांचे रात्रीचे अंथरूण

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव काढले की घरातली माणसे एकमेकांकडे बघू लागतील आणि कोणीतरी हळूच उठून रेडिओचा आवाज कमी करील. कमी करा, पण बंद करू नका. उतारवयात, आणि कधी कधी त्याच्या आधीही, रात्री झोपेत लघवी होऊन अंथरूण भिजते. त्याविषयी मी बोलणार आहे. आपल्या गावात हे किती घरांत असेल ते कोणालाच सांगता येणार नाही, कारण त्याची वाच्यताच होत नाही. तान्हे मूल भिजले तर आपण हसतो, दुपटे बदलतो आणि कामाला लागतो. तेच आजोबांच्या बाबतीत घडले की सगळे घर गप्प होते. गोधडी परसात मागच्या बाजूला वाळत पडते, आणि शेजारणीने विचारले तर "नातवाने भिजवली" असे सांगायचे!

या लपवालपवीची किंमत म्हातारे माणूस मोजते. ते दुपारनंतर पाणी पिणे सोडते. लेकीने बोलावले तरी तिच्या घरी मुक्कामाला जात नाही. आपण होऊन ओसरीच्या कोपऱ्यात, नाहीतर गोठ्यात अंथरूण टाकते आणि म्हणते, "मला इथंच वारा बरा लागतो." आपल्याला ते खरे वाटते, किंवा खरे मानणे सोयीचे असते. माझ्या सासऱ्यांचे सहा वर्षे आम्ही घरी केले. तेव्हा पाहिलेले, आणि डॉक्टरांना व नर्सबाईंना विचारून घेतलेले, तेच आज सांगते आहे.

कापड, लंगोट, रबर याकडे वळण्याआधी एक गोष्ट. अंथरूण भिजू लागले म्हणजे "वय झालं, चालायचंच" असे म्हणून गप्प बसू नये. म्हाताऱ्या पुरुषांमध्ये लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली, मोठ्या सुपारीएवढी प्रोस्टेटची गाठ वाढते आणि वाट अडवते. मग पिशवी पुरती रिकामी होत नाही, तुडुंब भरून राहते, आणि रात्री माणूस सैल पडले की वरचे वर ओघळते. भरलेल्या रांजणाला खालून भोक पडलेले नसते, तो वरून सांडत असतो, तसेच हे. पोट दुखत नाही म्हणून कोणाला कळत नाही, पण हा दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर ती निकामी होऊ शकतात. अशा माणसाला नुसते कापड बांधणे म्हणजे रोगावर पांघरूण घालणे होय. तेव्हा ज्या पुरुषाला आयुष्यात कधी नव्हे ते आता रात्री भिजायला होते आहे, त्याला आधी डॉक्टरांकडे न्या.

बायकांचे कारण पुष्कळदा बाळंतपणात असते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडतात, काहींचे अंग बाहेर येते. पंचवीस-तीस वर्षे ती बाई ते सोसत असते आणि नवऱ्यालाही सांगत नाही. यावर उपाय आहेत. ते स्नायू आवळून धरण्याचा आणि सोडण्याचा व्यायाम आहे. अमेरिकेतल्या कीगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला आणि आजही तो शिकवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना किंवा आशाताईंना विचारायला लाजू नये. याखेरीज मधुमेह, लघवीतला जंतुसंसर्ग, अर्धांगवायू, विसरभोळेपणाचा आजार, फार दिवसांचा बद्धकोष्ठ, झोपेच्या गोळ्या, दारू, ही कारणे असतात. लघवी आणि रक्तातली साखर तपासली तरी पुष्कळसा उलगडा होतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

आता हे रात्रीच का होते? तरुणपणी रात्री शरीर लघवी कमी तयार करते. वय वाढले की ही सवय मोडते. शिवाय दिवसभर पाय खाली सोडून बसलेल्या माणसाच्या पायांत पाणी उतरते, आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत रक्तात येऊन लघवीवाटे बाहेर पडू लागते. म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडले तर रात्रीचा भार थोडा दिवसाच निघून जातो. झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत चहा नको, पाणी बेताने. पण दिवसभराचे पाणी तोडू नका. पाणी तोडले की लघवी दाट होते, पिशवीला ती चुरचुरते आणि उलट जास्त वेळा लागते. हे पुष्कळांना पटत नाही, तरी खरे आहे.

इतके सगळे करूनही काहींचे अंथरूण भिजतेच. औषध लागू पडायला वेळ लागतो, काहींचा आजार बरा होणारा नसतो. तिथे घडी-लंगोटाचा प्रश्न येतो.

हल्ली औषधाच्या दुकानात मोठ्या माणसांचे तयार डायपर मिळतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. अडीअडचणीला ते फार उपयोगी आहेत. पण हिशेब करून बघा. एक नग चाळीस रुपयांना धरा. रात्रीला एक म्हटला तरी महिन्याला बाराशे रुपये झाले, दोन लागले तर चोवीसशे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ साली दीड हजार रुपये झाले, म्हणजे ते बहुतेक सगळे यातच जाणार. मग होते काय, की घरचे काटकसर करतात. एकच डायपर रात्रभर आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवतात. त्यात भरलेली रसायनाची भुकटी लघवी शोषून फुगते, वरून कोरडे दिसते, आणि आत कातडी शिजत राहते. पैसे वाचले असे वाटते, आणि जखमेच्या मलमपट्टीला दुप्पट जातात.

आणि वापरून झाल्यावर ते टाकायचे कुठे? २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांत असा कचरा नीट गुंडाळून द्यावा असे म्हटले होते. पण ज्या गावात घंटागाडीच येत नाही तिथे देणार कोणाला? मग ते ओढ्यात जातात, उकिरड्यावर जातात, तिथून कुत्री ओढत थेट चावडीपुढे आणून टाकतात. ज्याची लाज लपवण्यासाठी ते आणले, त्याचीच चर्चा गावभर होते. जाळावे म्हटले तर ओले असते, पेटत नाही, आणि प्लॅस्टिकचा घाण धूर घरात शिरतो.

म्हणून सुती कापडाकडे वळावे असे माझे मत आहे. यात नवीन काही नाही. आपल्या आयाआजींनी जुन्या लुगड्यांच्या घड्यांवरच मुले वाढवली. मोठ्या माणसासाठी तेच थोडे विचारपूर्वक शिवायचे, इतकेच.

यात तीन वस्तू असतात. आत शोषणारी घडी, ती जागेवर धरणारा लंगोट, आणि त्याच्यावरून पाणी न झिरपू देणारे आवरण. घडीसाठी जुने धोतर, सुती लुगडे, पंचे, फ्लॅनेल, जुना टर्किश टॉवेल यांसारखे कापड नाही. कापड सुती आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच जिरले तर घ्या; मोत्यासारखे वर घरंगळत राहिले तर ते टेरिकॉट किंवा नायलॉन आहे, ते घडीला निरुपयोगी. नवे कोरे सुती कापडसुद्धा पहिल्यांदा शोषत नाही, त्यावर खळ आणि कपाशीचा मेणचटपणा असतो. चार-पाच वेळा गरम पाण्यात धुतले म्हणजे ते कामाला येते. घरातले जुने कापड म्हणूनच बरे.

घडी लांबीला दोन विती आणि रुंदीला एक वीत असावी. पुरुषासाठी जास्त पदर पुढच्या बाजूला, बाईसाठी मध्यभागी आणि मागे घ्यावेत. कुशीवर झोपणाऱ्याचे बाजूने गळते, त्याची घडी थोडी रुंद करावी. आणि एकच जाडजूड घडी शिवू नका बरं का. दोन पातळ घड्या वेगवेगळ्या शिवून एकावर एक ठेवाव्यात. जाड घडी वरून वाळलेली दिसते, पोटात ओली राहते आणि कुबट वास मारते. घडी पुरेशी आहे की नाही हे आधीच पाहता येते. मोठ्या माणसाची पिशवी एका वेळी अर्धा लिटरच्या आतबाहेर लघवी धरते. तेव्हा मोजून अर्धा लिटर पाणी दोन घड्यांवर हळूहळू ओता, पाच मिनिटे थांबा आणि वरून तळहात दाबा. पाणी बाजूने वाहिले तर आणखी पदर वाढवा. ही परीक्षा दिवसा मोरीत करावी, रात्री अंथरुणात नव्हे!

लंगोट नाडीचा करावा. नाडी पुढे, पोटावर यावी, म्हणजे ज्याला हात हलवता येतो त्याला स्वतः बांधता-सोडता येते. ही लहान गोष्ट वाटते, पण म्हाताऱ्या माणसाला ती फार मोठी असते. टाचण्या लावू नयेत. ज्यांची बोटे वाकत नाहीत त्यांना चिकटपट्टी सोयीची. बाहेरचे आवरण शहरात तयार शिवलेले मिळते, त्याला आतून पातळ प्लॅस्टिकचा मुलामा असतो. ते न मिळाले तर ते आवरण सोडून द्या, आणि औषधाच्या दुकानात मिळणारे रबरी कापड फक्त अंथरुणावर घाला. पण खताच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद अंगाखाली घालतात, तो मुळीच घालू नये. त्यावर कशाकशाचे अंश असतात, तो चुरगळतो, घाम धरतो आणि कातडी सोलतो.

अंथरुणाची एक युक्ती सांगते. गादीवर रबरी कापड, त्यावर चादर, तिच्यावर पुन्हा दुसरे रबरी कापड आणि दुसरी चादर, असे दुहेरी अंथरूण संध्याकाळीच करून ठेवावे. रात्री दोन वाजता भिजले तर वरची जोडी ओढून काढायची. खाली कोरडे अंथरूण तयार. दिवा लावून सगळ्या घराला उठवावे लागत नाही, गादी उचलावी लागत नाही. आमच्याकडे ही युक्ती सुरू झाली आणि सासरे पहिल्यांदा म्हणाले, "आता झोप लागते."

धुण्याचे बोलू. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती पडून राहिली की जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तो डोळ्यांत झोंबणारा वास सुटतो. म्हणजे वास म्हाताऱ्याचा नसतो, उशिरा धुण्याचा असतो. रात्री काढलेली घडी झाकणाच्या बादलीत टाकावी आणि सकाळी पहिल्या कामाला ती घ्यावी. आधी थंड पाण्यात दोनदा खळबळून काढावी, मग कढत पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा साधी साबणपूड, आणि शेवटी साबण पुरता निघेपर्यंत स्वच्छ पाणी. साबण राहिला तर घडी शोषत नाही आणि कातडीला खाज सुटते. खळ आणि कपडे मऊ करायचे द्रव तर अजिबात नको. खळबळून काढलेले पहिले पाणी, ज्यात सोडा नाही, ते केळी-नारळीच्या बुंध्याशी ओतले तरी चालते. झाडाला त्यातले नत्र मिळते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर काही घरांत असते. लघवीने भिजलेल्या कपड्यांवर ती थेट टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग होऊन विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो छातीत भरतो. कापड आधी भरपूर धुऊन घ्यावे.

वाळवायला ऊन ते ऊन. उन्हाने डाग उडतात, जंतू मरतात आणि एक पैसाही लागत नाही. रबरी कापड मात्र सावलीत वाळवावे, उकळू नये, नाहीतर तडकते.

कातडीची काळजी कापडापेक्षाही मोठी. सुती घडी ओली झाली की ओली लागते. तयार डायपरसारखी ती कोरडेपणाचे सोंग करीत नाही. मला हा तिचा गुण वाटतो, कारण ती बदलावीच लागते. पण रात्रीतून निदान एकदा उठून बघणे आले. दर वेळी कोमट पाण्याने पुसून, मऊ फडक्याने टिपून, चोळता नव्हे, वर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. माणूस अंथरुणाला खिळलेले असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी आणि रोज उजेडात माकडहाड, कुल्ले, टाचा पाहाव्यात. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर आतली कातडी मरू लागली आहे, त्या जागेवर भार देऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा. राख, हळद, चुना असले काही त्यावर भरू नये.

आता जे सांगायचे ते घरातल्या पुरुषांना. हे सगळे ऐकून तुम्ही मान डोलावलीत, "कापडच बरं, पैसे वाचतात" असे म्हणालात. पण धुणार कोण? गडी माणूस हिशेब मांडतो आणि सून बादली उचलते. तिला पहाटेचे पाणी भरायचे आहे, भाकऱ्या आहेत, शेत आहे, त्यात आणखी ही रोजची वीस-पंचवीस लिटर पाण्याची धुणी. पैसे वाचले असे म्हणताना तिचे श्रम आपण फुकट धरलेले असतात. माझ्या यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "बाबांचे मी धुईन." आणि ते धूत असत, परसात, सगळ्यांच्या देखत. गावात दोन दिवस हसे झाले, तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले. आणि एक असे, की वडिलांना मुलाच्या हाताचा संकोच कमी वाटतो. सुनेने लंगोट बदलायचा म्हटले की ते तोंड भिंतीकडे करून घेतात. सासूबाईंचे सुनेने किंवा लेकीने करावे, वडिलांचे मुलाने. जिथे धुणारे कोणीच नाही, किंवा ज्या माण, जत, आष्टीकडच्या गावांत चैत्र-वैशाखात टँकरवर दिवस काढायचे असतात, तिथे त्या दिवसांत दुकानातला डायपर आणावा आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. प्रवासाला, दवाखान्यात, जुलाब झाले असताना तोच बरा. कापडाचा हट्ट धरून सुनेला आजारी पाडू नये.

बोलायचे कसे हेही सांगायला हवे. "तुम्हाला आता बाळासारखा लंगोट" असे थट्टेनेही म्हणू नये. "आबा, ही रात्रीची घडी. गादी भिजायला नको," एवढे पुरे. सकाळी "आजपण झालं का?" असे साऱ्यांपुढे विचारू नये, हात लावून बघावे आणि बदलून टाकावे.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. वर्गात एखाद्या पोराला "तुझ्या आज्याचं अंथरूण" म्हणून चिडवतात, ते पोर रडत घरी जाते आणि आजोबांच्या जवळ झोपणे बंद करते. हे आपल्या कानांवर येतेच. आरोग्याच्या तासाला मूत्रपिंडाचे चित्र फळ्यावर काढताना, ही पिशवी म्हातारपणी का गळते हे दोन वाक्यांत सांगितले तर चिडवण्यातला दम निघून जाईल. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंनी घडी आणि लंगोटाचा कागदी नमुना कापून महिला मंडळात ठेवला तर ज्याला हवा तो गुपचूप नेऊ शकेल. कोणाला तोंड उघडून मागावे लागणार नाही.

किती घड्या लागतील असे पुष्कळ जण विचारतात. उन्हाळ्यात आठ-दहा पातळ घड्या, चार लंगोट आणि दोन रबरी कापडे यांत भागते. पावसाळ्यात घडी वाळायला तीन-तीन दिवस घेते, कोकणात तर आठवडा. तिथे पंधरा-सोळा तरी हव्यात. ओलसर घडी चुलीच्या धुरावर धरून घाईघाईने बांधू नका. वैलावर दोरी बांधून, जाळापासून हातभर लांब, रात्रभर टांगली तर सकाळी कोरडी होते. हे शिवणकाम मृगाच्या आधी उरकावे. जुनी लुगडी पेटीतून आताच काढून ठेवा, आणि बोहारणीला भांड्यांवर देण्याआधी त्यांवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा.